ताठरतेच्या विकारावरील शस्त्रक्रिया : माहिती पुरुषापर्यंत कशी पोहोचते

लिंगाला ताठरता न येण्याच्या विकारावर शस्त्रक्रियेचा उपाय आहे, हे पुरुषाला बहुधा सगळ्यात शेवटी कळते. तोवर भिंतीवरच्या जाहिराती, मेडिकल दुकान, मित्राने हळूच दिलेली पुडी, फॅमिली डॉक्टर अशी बरीच दारे ठोठावून झालेली असतात. प्रस्तुत लेखक सातारा जिल्ह्यातला, मधुमेहाचा जुना रुग्ण. ही सगळी दारे त्याने ठोठावली आणि अखेर पुण्यात इम्प्लांटची, म्हणजे लिंगात ताठरतेचे साधन बसवण्याची, शस्त्रक्रिया करून घेतली. पुढील माहितीला त्या अनुभवाचा आणि त्या काळात भेटलेल्या डॉक्टरांचा व रुग्णांचा आधार आहे.

ताठरता हा मुख्यतः रक्तप्रवाहाचा व्यवहार आहे. मज्जातंतूंकडून इशारा मिळाला की लिंगातल्या धमन्या रुंदावतात, आतल्या दोन लांबट स्पंजी कप्प्यांत रक्त भरते आणि त्या दाबाने रक्त परत नेणाऱ्या शिरा मिटतात. मधुमेह धमन्या आणि मज्जातंतू दोन्ही खराब करतो, त्यामुळे मधुमेही पुरुषांत हा विकार फार मोठ्या प्रमाणात आढळतो. निरनिराळ्या देशांतले अभ्यास एकत्र केले तर सुमारे निम्म्या मधुमेही पुरुषांना तो कमीअधिक असतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. प्रोस्टेटच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, अपघातात मोडलेले कमरेचे हाड, मणक्याची इजा, तंबाखू, वाढलेला रक्तदाब ही इतर कारणे. मनावरचा ताण कारण असू शकतो आणि परिणामही. पण पन्नाशीतल्या मधुमेह्याला ‘हे सगळं तुमच्या डोक्यात आहे’ असे सांगून परत पाठवणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

माहितीचे पहिले साधन म्हणजे भिंत. रेल्वे रुळांकडेच्या भिंती, एस.टी. स्टँडची मुतारी, आठवडी बाजाराबाहेरचा तंबू, सगळीकडे गुप्तरोग, कमजोरी आणि हमखास इलाजाचे फलक दिसतात. ‘औषधी आणि चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४’ नुसार लैंगिक दुर्बलता बरी करण्याचा दावा करणारी जाहिरात हा गुन्हा आहे. तरीही हे फलक तसेच राहतात. उलट नोंदणीकृत डॉक्टरला व्यवसायाच्या आचारसंहितेमुळे स्वतःची जाहिरात करता येत नाही. परिणामी बोलतो तो भोंदू आणि जाणकार गप्प राहतो. त्यात पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांचे पैसे जातात आणि त्याहून मोलाची वर्षे जातात. ‘शुद्ध आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा पुड्यांत ताठरतेच्या आधुनिक गोळीतले सिल्डेनाफिल हे औषध मिसळलेले अनेक देशांतल्या तपासण्यांत सापडले आहे, ही गोष्ट गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही.

दुसरे साधन मेडिकल दुकान. सिल्डेनाफिलला अमेरिकेत मार्च १९९८ मध्ये मान्यता मिळाली. आज भारतीय बनावटीची गोळी तालुक्याच्या गावातही मिळते. कायद्याने चिठ्ठी लागते, प्रत्यक्षात काउंटरवर गर्दी ओसरली की मागितली जाते आणि कागदात गुंडाळून दिली जाते. हृदयविकारासाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेट घेणाऱ्याने ही गोळी घेतली तर रक्तदाब जीवघेणा कोसळू शकतो. दुकानदार हे विचारत नाही. गोळी रिकाम्या पोटी घ्यावी, इच्छा आणि स्पर्श असल्याशिवाय तिचा उपयोग होत नाही, पहिल्या प्रयत्नात गुण आला नाही तरी योग्य मात्रेत आणखी काही वेळा घेऊन पाहावी, यातलेही काही सांगितले जात नाही. त्यामुळे ज्यांना गोळी लागू पडली असती असेही बरेच जण निराश होऊन थांबतात.

मराठीत या विषयावर मोकळेपणाने लिहिण्याची परंपरा जुनी आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले आणि त्यापायी खटले सोसले. डॉ. विठ्ठल प्रभूंचे ‘निरामय कामजीवन’ अनेक घरांत कपाटाच्या आतल्या कप्प्यात असते. या लेखनाने लाज कमी केली, शरीराची नावे घ्यायला शिकवले. शस्त्रक्रियेपर्यंत जाणाऱ्या पुरुषाला मात्र अखेर दवाखान्यातच विचारावे लागते.

तिथे अडचण निराळी असते. गावातल्या दवाखान्यात पडद्यापलीकडे चार माणसे बसलेली असतात, कंपाउंडर ओळखीचा, डॉक्टर बायकोलाही तपासणारे. मधुमेहाच्या तपासणीत पाय पाहतात, डोळ्यांचा पडदा पाहतात, लघवीतले प्रथिन मोजतात; ताठरतेचा प्रश्न क्वचितच विचारला जातो. म्हणून बहुतेक पुरुष तो उठता उठता काढतात. प्रस्तुत लेखकानेही तेच केले : चिठ्ठी हातात आल्यावर, खुर्ची मागे सारताना, ‘डॉक्टर, अजून एक होतं.’ मधुमेहाच्या त्या डॉक्टरांनी पुन्हा बसायला सांगितले, दार लावून घेतले आणि युरोलॉजिस्टकडे पाठवण्याआधी हृदयाची तपासणी लिहून दिली. कारण साधे आहे. लिंगाच्या धमन्या एक ते दोन मिलिमीटर व्यासाच्या, हृदयाच्या तीन ते चार. दोन्हीकडे तोच चरबीचा थर साचत असेल तर बारीक धमनी आधी कुरकुरते. ताठरता कमी होणे ही काही पुरुषांत हृदयविकाराची काही वर्षे आधी मिळालेली सूचना असते. हा प्रश्न विचारल्यामुळे जीव वाचलेले पुरुष आहेत, म्हणून तो न विचारणे डॉक्टरांनाही परवडणारे नाही.

युरोलॉजिस्टकडे पहिली भेट बरीचशी प्रश्नांची असते. पहाटे झोपेतून उठताना ताठरता असते का, विकार हळूहळू आला की अचानक, इच्छा आहे का, औषधे कोणती चालू आहेत. पाच प्रश्नांची एक ठरलेली प्रश्नावली भरून घेतात. तीन महिन्यांची सरासरी साखर आणि सकाळच्या रक्तातले टेस्टोस्टेरॉन तपासतात. यानंतर गरज असेल तर डॉप्लर. या तपासणीचे नाव ऐकून पुरुष घाबरतात, म्हणून ती नीट सांगितलेली बरी. लिंगाच्या बाजूला अगदी बारीक सुईने पॅपाव्हेरीनसारखे औषध टोचतात. दुखणे इन्शुलिनच्या सुईइतकेच. खोलीतला दिवा मंद करून एकटे सोडतात. काही मिनिटांनी सोनोग्राफीचा प्रोब थंड जेल लावून फिरवला जातो आणि पडद्यावर धमनीची लाट उमटते. लाटेचे शिखर सेकंदाला २५ सेंटिमीटरच्या खाली राहिले तर रक्त पुरेसे येत नाही. शिखर चांगले असूनही रक्त परत वाहत राहिले तर शिरा मिटत नाहीत. लेखकाच्या बाबतीत लाट बुटकी होती. बायकोवरच्या प्रेमाचा, वयाचा किंवा तरुणपणातल्या सवयींचा त्या आकड्याशी काही संबंध नाही, हे डॉक्टरांनी स्वच्छ शब्दांत सांगितले. इतकी वर्षे मनावर असलेले ओझे त्या एका वाक्याने उतरते, असे या तपासणीतून गेलेले इतरही सांगतात. औषधाने आलेली ताठरता चार तासांत उतरली नाही तर लगेच परत यायचे, ही ताकीद मात्र विसरायची नाही.

उपचार सहसा पायरीने सांगितले जातात : गोळ्या, मग हवेचा दाब कमी करून रक्त ओढणारा व्हॅक्यूम पंप, मग प्रत्येक वेळी स्वतः टोचून घ्यायचे इंजेक्शन, आणि शेवटी इम्प्लांट. अमेरिकन युरोलॉजिकल असोसिएशनच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना याहून पुढे जातात. सगळे पर्याय, त्यांचे फायदे आणि धोके पुरुषाला सुरुवातीलाच समजावून द्यावेत, आणि पायऱ्या चढण्याची सक्ती नसावी, असे त्यांचे सांगणे आहे. ते रास्त आहे. शेवटच्या पायरीचे नावच न ऐकलेला माणूस मधल्या पायरीवर हरून बसतो. ती आहे हे माहीत असलेला निदान ठरवू तरी शकतो.

शस्त्रक्रिया म्हटले की पुरुषाला आधी ‘नस मोकळी करण्याचे’ ऑपरेशन आठवते. धमनीला नवी वाट जोडण्याची शस्त्रक्रिया आहे, पण ती तरुण, निरोगी आणि इजेमुळे एकाच ठिकाणी धमनी बंद झालेल्या मोजक्या रुग्णांसाठी. मधुमेह्यात सगळ्याच धमन्या बिघडलेल्या असतात, तिथे तिचा उपयोग नाही. गळणाऱ्या शिरा बांधण्याची शस्त्रक्रिया एके काळी पुष्कळ झाली. गुण टिकला नाही आणि आज तिची शिफारस केली जात नाही. कुणी तिचे पॅकेज सांगत असेल तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे.

उरते ते इम्प्लांट. १९७३ साली ह्यूस्टनमधील एफ. ब्रँटली स्कॉट आणि सहकाऱ्यांनी फुगवता येणारे साधन मांडले, १९७५ मध्ये मायामीच्या स्मॉल आणि कॅरियन यांनी सिलिकॉनच्या अर्धकडक कांड्यांचे. आजची साधने याच दोन घराण्यांची. मुंबईचे अँड्रॉलॉजिस्ट डॉ. रुपिन शहा यांनी भारतीय रुग्णांना परवडेल असे अर्धकडक इम्प्लांट विकसित केले, आणि ज्यांना परदेशी साधनाचा खर्च झेपला नसता अशांना त्यामुळे वाट मिळाली.

ही साधने वाचून कळत नाहीत, हातात घेऊन कळतात. पुण्याच्या डॉक्टरांनी टेबलाच्या खणातून दोन नमुने काढून समोर ठेवले. एक जोडी अर्धकडक : करंगळीएवढ्या जाडीच्या दोन गुळगुळीत कांड्या, वर वळवल्या तर वर राहतात, खाली दाबल्या तर खाली. दुसरे तीन भागांचे : दोन मऊ नळ्या, एक छोटा पंप आणि पाण्याची पिशवी, सगळे बारीक नळीने जोडलेले. नळ्या लिंगात बसतात, पिशवी ओटीपोटात मूत्राशयाजवळ, पंप अंडकोशाच्या पिशवीत, कातडीखाली. पंप बोटांत धरून दाबला की पिशवीतले मिठाचे निर्जंतुक पाणी नळ्यांत येते आणि त्या कडक होतात. बाजूची कळ दाबून धरली की पाणी परत जाते. लेखकाला मधुमेहाने बोटांची पकड कमी झाल्याची शंका होती, म्हणून डॉक्टरांनी तो पंप डोळे मिटून पुन्हा पुन्हा दाबायला लावला. ज्यांच्या बोटांत जोर नाही त्यांना अर्धकडक साधन सोयीचे, कारण त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसते. मात्र ते कायम थोडे उठून दिसते, पातळ कपड्यांत सांभाळावे लागते.

पुरुषांच्या मनात जे प्रश्न असतात त्यांची उत्तरे आधी मिळायला हवीत. फुगवता येणाऱ्या साधनात बाहेरून काही दिसत नाही, एक बारीक व्रण सोडून. स्पर्शाची जाणीव, वीर्यपतन आणि तृप्ती जशी आधी होती तशीच राहते, कारण त्या मज्जातंतूंना हात लावला जात नाही. इच्छा वाढत नाही. लांबी वाढत नाही. बऱ्याच जणांना ती तरुणपणापेक्षा थोडी कमी वाटते. लिंगाचे टोक साधनाने फुगत नाही, ते मऊच राहते. आणि सगळ्यात महत्त्वाचे : आतले स्पंजी कप्पे सारून नळ्या बसवल्या जातात, त्यामुळे नैसर्गिक ताठरता उरलीसुरली असेल तर तीही जाते आणि साधन काढले तरी परत येत नाही. हे वाक्य संमतिपत्रावर बारीक अक्षरांत असते. ते डॉक्टरांनी तोंडी सांगितले पाहिजे.

डॉक्टर सांगतात ते आणि साधन बसवलेला माणूस सांगतो ते, यांत फरक असतो. काही डॉक्टर आधीच्या रुग्णांच्या संमतीने त्यांच्याशी बोलणे करून देतात. लेखकाला फोनवर भेटलेले गृहस्थ निवृत्त शिक्षक होते. ‘काय विचारायचं ते विचारा, लाजू नका, मीही असाच बसलो होतो,’ असे म्हणून त्यांनी पहिले दोन आठवडे सुजेमुळे मांड्या फाकवून चालावे लागते इथपासून नातवाला मांडीवर कधी घेता येते इथपर्यंत सांगितले. पत्नीलाही डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीत बसवावे, हा त्यांचा आग्रह होता. तो योग्यच आहे. लेखकाच्या पत्नीने तिथे एकच प्रश्न विचारला, ‘ह्यांना त्रास किती होईल?’ आणि मग सगळे ऐकून घेतले. नवरा आपल्याला टाळतो याचे कारण तिला वर्षानुवर्षे ठाऊक नव्हते.

खर्चात मोठा फरक आहे : देशी अर्धकडक साधन काही हजारांत, तीन भागांचे परदेशी काही लाखांत, रुग्णालयाचे बिल वेगळे. आरोग्य विम्यातून पैसे मिळतीलच असे नाही. पॉलिसीतली वगळलेल्या उपचारांची यादी तारीख घेण्यापूर्वी वाचावी. ही शस्त्रक्रिया डॉक्टर वर्षाला किती करतात हेही विचारावे, कारण सरावाचा निकालावर परिणाम होतो.

सर्वांत मोठा धोका जंतुसंसर्गाचा. तो झाला तर साधन काढावे लागते. जंतुनाशक लेप असलेली साधने २००१ नंतर आली आणि अनुभवी हातांत हे प्रमाण आता शंभरात एक ते तीनच्या आसपास आहे. साखर ताब्यात नसलेल्या मधुमेह्यात धोका जास्त. म्हणून डॉक्टर साखर खाली येईपर्यंत तारीख देत नाहीत. शस्त्रक्रिया साधारण तासाभराची, कमरेखाली भूल देऊन. एक-दोन दिवसांत घरी सोडतात. सहा आठवडे संबंध वर्ज्य. त्या सुमारास डॉक्टर पंप चालवायला शिकवतात आणि रोज काही वेळ फुगवून ठेवायला सांगतात. पहिले काही दिवस पंप हाताला सापडत नाही, दुखते, मनही खट्टू होते. सरावाने ते जाते. साधन बसवलेल्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक पुरुष बहुतेक अभ्यासांत समाधानी आढळतात, आणि इतर कोणत्याही उपचारापेक्षा हे प्रमाण जास्त आहे.

फुगवता येणारे साधन यंत्र आहे, ते कधीतरी बिघडते. बहुतेक साधने पाच वर्षांनी व्यवस्थित चालू असतात, अनेक दहा वर्षांहून अधिक टिकतात, आणि बिघडल्यास दुसऱ्या शस्त्रक्रियेत बदलता येतात. साधनाचे नाव आणि क्रमांक असलेले कार्ड रुग्णाला मिळते. एमआरआय, लघवीची नळी घालणे किंवा पोटाची कोणतीही शस्त्रक्रिया यांच्या आधी ते दाखवावे, आणि ते कार्ड कुठे ठेवले आहे हे पत्नीलाही माहीत असावे.