बाहेरचे कोण? चांदनीहून पत्र

चांदनी, जि. बऱ्हाणपूर

ती. आप्पांस सा. न.

भुसावळहून खांडव्याकडे निघालं की बऱ्हाणपूर, असीरगड रोड मागे पडतात, मग चांदनी येतं आणि पुढे नेपानगर. या पट्ट्यातल्या जंगलाच्या तंट्याला एक तयार खुलासा आहे: कोरकू इथले, बारेला खरगोन-बडवानीकडून आलेले, बाहेरच्यांनी झाडं पाडली, इथले चिडले. वर्तमानपत्रांना तो सोयीचा पडतो आणि सरकारी कचेऱ्यांना त्याहून. आदिवासींच्या जमातींत वैर आहे असं एकदा ठरलं की सरकारने काय केलं हे कोणी विचारत नाही. मला मात्र या वैराचं मूळ कागदात दिसतं.

बऱ्हाणपूर शिंद्यांकडून इंग्रजांकडे गेलं १८६० च्या सुमारास. १८७८ च्या कायद्याने जंगलं राखीव करण्याचा अधिकार सरकारकडे आला, आणि जंगल तोडून केलेलं शेत, ज्याला सातपुड्यात नेवाड म्हणतात, ते पिकवणारा माणूस हळूहळू आपल्याच डोंगरात गुन्हेगार ठरला. स्वातंत्र्यानंतर नेपानगरला देशातला पहिला न्यूजप्रिंटचा कारखाना उभा राहिला. १९५६ साली नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. त्याच्या कागदासाठी सालई आणि बांबू याच डोंगरांतून जात होता. कारखान्याला अतिक्रमणधारक कोणी म्हटलं नाही. (म्हणणार तरी कशावर, वर्तमानपत्रं त्याच कागदावर छापली जात!) म्हणजे जंगल कोणी तोडायचं याचा निर्णय नेहमी वरूनच झाला, आणि खालच्या माणसांना उरलं ते एकमेकांकडे बोट दाखवणं.

२००६ चा वनहक्क कायदा ही गाठ सोडवायला आला. तो आदिवासीला विचारतो की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून तू ही जमीन कसतोस का. कुठल्या जिल्ह्यातून आलास, हे विचारत नाही. मध्य प्रदेशच्या यादीत बारेला भिल्लांबरोबर आहेत आणि कोरकूही अनुसूचित जमातच आहेत. पुरावा म्हणून गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाबही चालतो. दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कोणाला हटवायचं नाही, असं कलम ४(५) सांगतं. तरीही ९ जुलै २०१९ रोजी याच जिल्ह्यातल्या सिवल गावाजवळ अतिक्रमण काढायला गेलेल्या वनविभागाच्या पथकाने छऱ्यांच्या बंदुका चालवल्या आणि आदिवासी जखमी झाले. दावा लटकलेला असला की सगळेच संशयित होतात: जुना कसणारा, काल आलेला आणि लाकूडचोर. ज्याला यातून लाभ करून घ्यायचा आहे त्याला असा गोंधळ हवाच असतो.

तुम्ही म्हणाल, मग २००५ नंतर झालेल्या तोडीचं काय? तोड खरी आहे. २०२२-२३ मध्ये घाघरला गावाकडे फार मोठं जंगल गेलं, आणि एप्रिल २०२३ मध्ये जमावाने नेपानगर पोलीस ठाण्यावर हल्ला करून कोठडीतले तीन आरोपी सोडवून नेले. ती गुन्हेगारीच, त्यावर खटले चालायलाच हवेत. पण ती एका जमातीच्या माथी मारली की जुने पात्र दावेदारही त्यात चिरडले जातात, आणि नव्या तोडीविरुद्ध साक्ष देऊ शकणारी हीच माणसं गप्प बसतात. जागृत आदिवासी दलित संघटनेने तोडीविरुद्ध आवाज उठवला होता. त्याच संघटनेच्या कार्यकर्तीला २०२३ मध्ये जिल्ह्यातून तडीपार करण्यात आलं. तोडीला जमातच कारण असती, तर बारेलांचं पाठबळ असलेली संघटना त्या तोडीविरुद्ध उभी का राहिली असती?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: वैर आधीपासून असतंच, सरकार फक्त ते विझवत नाही. मणिपूर पाहा. मैतेई-कुकी दुरावा जुना. पण ३ मे २०२३ ला हिंसा भडकली, त्याच्या आधीच्या महिन्यांत चुराचांदपूरकडे राखीव-संरक्षित जंगलांच्या नावाखाली एक गाव हटवलं गेलं, आणि डोंगरातल्या कुकींच्या कपाळी सरसकट ‘बेकायदा आलेले’ हा शिक्का बसला. हे एकमेव कारण नव्हे, आरक्षणाचा वादही होता. रवांडातल्या नरसंहाराबद्दल अभ्यासक महमूद ममदानी हेच दाखवतात की ‘मूळचे’ आणि ‘उपरे’ ही विभागणी वसाहतीच्या राज्यकारभाराने राजकीय केली; १९३० च्या दशकात बेल्जियमने ओळखपत्रांवरच वांशिक ओळख छापली. दुरावा आपोआप पेटत नाही. जमीन, मत आणि पोलीस यांच्याशी त्याला कोणीतरी जोडावं लागतं. बऱ्हाणपूर मणिपूर नाही, तितका रक्तपात इथे झालेला नाही, म्हणूनच इथला शिक्का आत्ता तपासायला हवा.

मेळघाटच्या पायथ्याशी कोरकूंच्याच पायविहीर गावाला २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाला. तिथे उजाड टेकडीवर झाडं लावणं, राखणं आणि कोणी काय तोडावं हे ठरवणं ग्रामसभेकडे आलं. इथेही दावे निकाली निघून असा हक्क मिळाला, तर कोरकू आणि बारेला एकाच ग्रामसभेत समोरासमोर बसतील. भांडतीलही, पण ज्याच्यावरून भांडायचं ते त्यांच्याच हातात असेल. तिथवर पोचायला वनहक्काच्या जिल्हा समितीने पडून असलेल्या फायली उघडल्या पाहिजेत.

कळावे.

आपली,
धाकटी