आकड्यांची पाटी

आपल्याकडे गाडीच्या नंबर प्लेटवर नाव मिरवायला नाव लिहावं लागत नाही, आकडे पुरतात. ४१४१ नंबर मिळवायचा, पेंटरला गाठायचं आणि असे काही फराटे ओढून घ्यायचे की समोरच्याला ‘दादा’ दिसलं पाहिजे. ४९१२ चा ‘पवार’ होतो, २१४ चा ‘राम’ होतो. ८०५५ मध्ये इंग्रजीतला ‘बॉस’ दडलेला आहे, हे तर शेंबडं पोरगंही सांगेल. नियमात यातलं काहीच बसत नाही. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एकाच साच्यातली हाय सिक्युरिटी पाटी सक्तीची झाली आणि पेंटरचं काम गेलं. पण हौस थोडीच जाते! २०२४ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र सरकारने पसंतीच्या नंबरांचे दर वाढवले. मुंबई-पुण्यासारख्या शहरात चारचाकीच्या ०००१ साठी ६ लाख रुपये. तरी घेणारे आहेतच.

आता दोह्याची गंमत सांगतो.

मी इथे पहिली गाडी घेतली तेव्हा इस्तिमारा (म्हणजे आपलं आरसी बुक, फक्त एटीएम कार्डाएवढं) हातात पडला, त्यावर सहा आकडी नंबर. कुठला हवा, असं कुणी विचारलं नाही आणि मलाही ते सुचलं नाही. ओळखीतल्या एका काकूंनी मात्र लगेच बेरीज केली. “आठ येतात हो, शनीचा आकडा. असू दे, गाडी जपानी आहे, त्यांना चालत असेल.” केरळचे एक सहकारी शेवटच्या तीन आकड्यांकडे बघून म्हणाले, “७८६ असता तर भाव आला असता!”

कतारमध्ये खासगी गाड्यांच्या पाटीवर वर्षानुवर्षे फक्त आकडे होते. ना जिल्हा, ना सिरीज. २०२५ च्या अखेरीस आकड्यांच्या जोडीला क्यू हे अक्षर आणायचं ठरलं, पण तेही सरकारने ठरवलेलं अक्षर, तुमच्या-आमच्या नावाचं नव्हे. मग शब्दच लिहिता येत नसेल तर मोठेपणा दाखवायचा कसा? लांबीने! इथे पाटी जितकी तोकडी तितका माणूस मोठा. नंबर क्रमाने वाटले जात असल्यामुळे कमी आकड्यांचा अर्थ ‘आम्ही आधीपासून इथले’ असा होतो. पेठेतल्या जुन्या वाड्याच्या पत्त्यासारखंच म्हणा ना. चार आकडी पाटीची पांढरी लँड क्रूझर मागून दिवे लुकलुकवत आली की सहा आकडीवाले आपसूक उजवीकडे सरकतात (गाड्या इथे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात). कायद्यात असं काही नाही, पण सवय कायद्यापेक्षा लवकर लागते.

ज्यांना वारशाने असा नंबर मिळालेला नाही त्यांच्यासाठी लिलाव आहेत. गृह मंत्रालयाच्या मोबाइल अ‍ॅपवर नंबर जाहीर होतात, अनामत भरायची आणि मुदतीत बोली लावायची. २०२२ च्या विश्वचषकाच्या वेळी स्पर्धेचं बोधचिन्ह असलेल्या खास पाट्याही अशाच लिलावात निघाल्या. आकड्यांचं हे वेड गाड्यांपुरतंच नाही. २००६ मध्ये ६६६६६६६ हा फोन नंबर इथे धर्मादाय लिलावात एक कोटी रियालला गेला आणि गिनीज बुकात जाऊन बसला. शेजारी अमिरातीत तर विचारूच नका. अबुधाबीत २००८ मध्ये नुसत्या ‘१’ साठी ५ कोटी २२ लाख दिरहम मोजले गेले. दुबईत २०२३ मध्ये ‘पी ७’ पाटी साडेपाच कोटी दिरहमला गेली, म्हणजे तेव्हाच्या भावाने एकशे वीस कोटी रुपयांच्या वर. ते पैसे भुकेल्यांच्या जेवणासाठी दिले गेले हे खरं, पण एका सातात किती माणसं जेवू शकतात हे बघून गरगरायला होतं.

याच्या बरोबर उलट टोक अमेरिकेत. तिथे पाटीवर शब्द मागता येतो, फक्त अर्जात त्याचा अर्थ लिहावा लागतो आणि तो अश्लील वगैरे नाही ना हे खात्याची माणसं तपासतात. कॅलिफोर्नियातल्या एका संगणक-सुरक्षा संशोधकाने ‘नल’ ही पाटी मागितली आणि ती मंजूर झाली. आम्हा संगणकवाल्यांच्या भाषेत नल म्हणजे ‘इथे काहीच नाही’. झालं! नंबर न लिहिता फाडलेल्या कुठल्या कुठल्या पावत्या त्याच्या नावावर जमा होऊ लागल्या. बारा हजार डॉलरच्या वर दंड! तपासणाऱ्याला त्या शब्दात वावगं काहीच दिसलं नव्हतं, संगणकाला मात्र दिसलं.

असो. मला खरा विचार करायला लावला तो वेगळ्याच नंबराने.

प्रत्येक रहिवाशाच्या ओळखपत्रावर इथे अकरा आकडे असतात. पहिला आकडा शतकाचा: गेल्या शतकात जन्मलेल्यांना २, या शतकातल्यांना ३. पुढचे दोन जन्मसालाचे. त्यापुढचे तीन देशाचे, मग पाच अनुक्रमाचे. भारताचे तीन म्हणजे ३५६, कतारचे ६३४. माझी मुलगी दोह्यात जन्मली. अरबी माझ्यापेक्षा छान बोलते, पुण्याला सुट्टीपुरती जाते आणि तिथल्या उकाड्याला हसते. शाळेचा एक फॉर्म भरताना तिने स्वतःचा नंबर फोडून बघितला आणि विचारलं, “बाबा, मी इथे जन्मले ना? मग मधे ३५६ का?”

मी सांगितलं की इथे जन्मल्याने नागरिकत्व मिळत नाही, ते वडिलांकडून येतं, आणि आपण भारताचे आहोत. उत्तर बरोबर होतं, तिला पटलंही. थोड्या वेळाने ती म्हणाली, “गाडीचा नंबर पैसे देऊन बदलता येतो ना?”

“येतो.”

“आणि हा?”

हा कुठल्याच लिलावात निघत नाही. तो तिला कधीतरी ओझं वाटेल की अभिमान, हे तिचं तीच ठरवेल. तोवर आम्ही दोघं सिग्नलला उभे असताना पाट्यांच्या बेरजा करतो. मराठीत.