लॉग कोणाच्या हातात?

सर्व्हरवर काम करणाऱ्या कुणालाही एक गोष्ट पहिल्या वर्षातच कळते. ज्याच्यावर लक्ष ठेवायचं, त्याच्याच हातात लॉग पुसायचा अधिकार ठेवायचा नसतो. ॲडमिन कितीही सज्जन असो. उद्या काही भानगड झाली तर आपण निर्दोष आहोत हे दाखवायला त्यालाही दुसरीकडे ठेवलेली नोंदच लागते. हाच नियम पोलीस ठाण्याला लावून बघू. (मी वकील नाही, तेव्हा जाणकारांनी चुका जरूर सांगाव्यात.)

२ डिसेंबर २०२० रोजी सुप्रीम कोर्टाने परमवीर सिंग सैनी प्रकरणात देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही बसवायचा आदेश दिला. नुसता फाटकावर एक कॅमेरा नव्हे, तर लॉकअप, व्हरांडा, निरीक्षकांची खोली, सगळीकडे, आणि आवाजासकट. फुटेज १८ महिने, अगदीच जमलं नाही तर किमान एक वर्ष ठेवायचं. आदेश उत्तमच आहे. देखरेखीला राज्य आणि जिल्हा पातळीवर समित्याही सांगितल्या. पण कॅमेरे चालू ठेवायची आणि फुटेज जपायची रोजची जबाबदारी कुणाची? ठाण्याच्या प्रमुखाची. म्हणजे लॉग पुन्हा ॲडमिनकडेच! सप्टेंबर २०२५ मध्ये, कॅमेरे चालत नसल्याच्या बातमीवरून, त्याच कोर्टाला हे प्रकरण स्वतःहून हाती घ्यावं लागलं.

मग दुसरी नोंद कुठली? आपल्या खिशातला मोबाइल. आता गंमत बघा. वर्ध्यात एकाने ठाण्यात व्हिडिओ काढला, तर त्याच्यावर १९२३ च्या ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्टखाली गुन्हा दाखल झाला. हा कायदा इंग्रजांनी हेरांसाठी केलेला. २०२२ मध्ये नागपूर खंडपीठाने तो गुन्हा रद्द केला. कायद्यात 'प्रतिबंधित ठिकाणा'ची व्याख्या दिलेली आहे आणि तीत पोलीस ठाणं नाही, इतकं ते सरळ होतं.

तरी पुढे काय झालं? आमच्या इथे, जालना रोडवरच्या औरंगाबाद खंडपीठासमोर, अगदी तसंच प्रकरण आलं. पाथर्डीच्या ठाण्यात पोलिसांशी झालेलं बोलणं रेकॉर्ड केलं म्हणून पुन्हा तोच कायदा, तेच हेरगिरीचं कलम ३. सप्टेंबर २०२४ मध्ये खंडपीठाने सांगितलं की हे कलम इथे लागतच नाही. इतर कलमांखालचा गुन्हा मात्र कोर्टाने रद्द केला नाही, हेही सांगायला हवं. म्हणजे मोबाइल हातात असला की सगळं माफ, असा याचा अर्थ नाही. पण नागपूरचा निकाल २०२२ चा, आणि पाथर्डीच्या लोकांना त्याच मुद्द्यावर २०२४ पर्यंत लढावं लागलं. कोर्टाने बग दुरुस्त केला, पण ठाण्यातलं व्हर्शन जुनंच राहिलं.

ऑनलाइन बोलण्याचंही तेच. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले आणि मुंबई बंद राहिली. हा बंद कशासाठी, असं पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर विचारलं, दुसरीने ते लाइक केलं, आणि दोघींना अटक झाली. कलम होतं आयटी ॲक्टचं ६६अ. गदारोळ झाला, ठाणे ग्रामीणचे पोलीस अधीक्षक आणि एक वरिष्ठ निरीक्षक निलंबित झाले. २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टाने श्रेया सिंघल खटल्यात ते कलमच रद्द केलं. (निकाल लिहिणारे न्यायमूर्ती रोहिंटन नरीमन, सीसीटीव्हीचा आदेशही त्यांचाच.) पण रद्द झालेल्या कलमाखाली गुन्हे दाखल होतच राहिले, इतके की ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच कोर्टाला 'आता तरी थांबवा' असा वेगळा आदेश काढावा लागला. सात वर्षांनी!

पोलिसांची बाजू नाही असं नाही. ठाण्यात बलात्काराची तक्रार द्यायला आलेली बाई असते, खबऱ्या असतो. त्यांचा चेहरा कुणाच्या तरी मोबाइलवरून गावभर झाला तर? शिवाय अर्धा मिनिट कापून टाकलेली क्लिप धादांत खोटं बोलू शकते. मला हे मुद्दे शंभर टक्के मान्य आहेत. पण त्यावर उपाय म्हणजे कुणाचं चित्रण करायचं नाही याचे स्पष्ट नियम, भिंतीवर मराठीत लावलेले. हेरगिरीचं कलम हा उपाय नव्हे. आणि अर्धी क्लिप खोटी आहे हे सिद्ध कशाने होणार? ठाण्याच्या पूर्ण फुटेजनेच ना? मग ते जपण्यात पोलिसांचाच फायदा नाही का?

दुसऱ्या हातातली नोंद काय करू शकते, हे आपण जवळून पाहिलंय. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत सोमनाथ सूर्यवंशी यांचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. शवविच्छेदन इथे घाटीत झालं आणि अनेक जखमांमुळे बसलेला धक्का असं कारण नोंदलं गेलं. पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी झाली. जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांवर गुन्हा नोंदवायला सांगितलं, आणि सुप्रीम कोर्टानेही तो आदेश कायम ठेवला. दोष कुणाचा हे खटल्यात ठरेल. पण गोष्ट इथवर आली ती घाटीतल्या डॉक्टरांच्या आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कागदांमुळे. ते कागद पोलिसांच्या कपाटात नव्हते.

माझं मागणं फार मोठं नाही. ठाण्यातलं फुटेज ठाण्याबाहेरच्या, दुसऱ्या खात्याच्या सर्व्हरवर जावं. आणि कोर्टाने एखादं कलम रद्द केलं किंवा इथे लागत नाही म्हणून सांगितलं, की ते त्याच आठवड्यात शेवटच्या ठाणे अंमलदाराच्या टेबलापर्यंत पोचावं. एफआयआर आता कॉम्प्युटरवरच नोंदवतात. रद्द झालेलं कलम तिथे निवडताच येऊ नये, एवढा चेक तर आमच्यातला कालचा फ्रेशरसुद्धा लिहून देईल.

मग अजून का नाही लिहिला?