नखं तपासतात, दातांचं काय?

कबड्डीचा सामना सुरू होण्याआधी पंच खेळाडूंची नखं बघतात. वाढलेली असली तर कापायला लावतात. अंगठी, कडं, गळ्यातली चेन काढायला सांगतात. वजनी गट असेल तर काट्यावर उभं करतात. कोणाला इजा होऊ नये, सामना बरोबरीचा व्हावा, म्हणून हे नियम. चांगलेच आहेत. पण ज्या खेळात सात जण मिळून एकाला पाडतात, त्यात तोंडाचा विचार कोणी करत नाही.

मंडळी, मी गेली बरीच वर्षं आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या स्पर्धांत गुणलेखक म्हणून टेबलावर बसतो. भातकापणी आटोपली की रात्रीचे सामने सुरू होतात ते थेट पावसाच्या तोंडापर्यंत. टेबलावरून खेळ फार जवळून दिसतो. चढाईपटूने सुटण्यासाठी मागे झाडलेली टाच पकड करणाऱ्याच्या हनुवटीवर बसते. साखळीतले दोघं एकाच वेळी झेप घेतात आणि एकाचं डोकं दुसऱ्याच्या तोंडावर आदळतं. यात फाऊल कोणाचाच नसतो. खेळच तसा आहे. म्हणूनच पंच कितीही कडक असला तरी दात वाचवू शकत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका गावच्या स्पर्धेत दहावीतल्या एका पोराचा समोरचा दात असाच मुळासकट बाहेर आला. पोरगा शूर. म्हणाला, ‘पकड झाली ना?’ टाळ्या पडल्या. कोणीतरी दात उचलला, माती लागलेली म्हणून रुमालाने खसाखसा पुसला आणि कागदाच्या पुडीत बांधून दिला. शहरातल्या डॉक्टरांकडे पोचेपर्यंत तीन तास गेले. दात काही परत लागला नाही. आता काढता-घालता येणारा दात आहे. कायमचा रोपण करायचा तर जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत थांबायला हवं, आणि तो खर्च त्या घराला झेपणारा नाही. पोरगा अजून खेळतो, चांगला खेळतो. फक्त हसताना हात तोंडावर जातो.

यावर उपाय म्हणजे माऊथगार्ड. वरच्या दातांवर बसणारं मऊ प्लास्टिकचं कवच. मार एका दातावर न बसता पसरतो, खालचे दात वरच्यांवर आपटत नाहीत, ओठ आणि जीभ चावली जात नाही. हे काही हेल्मेट नव्हे, डोक्याला मार लागायचा तो लागेल. पण दात, ओठ, जीभ बऱ्यापैकी वाचतात. बॉक्सिंगच्या रिंगणात तर हौशी खेळाडूलाही याशिवाय उतरू देत नाहीत. हॉकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत मैदानी खेळाडूंनी तो वापरावा अशी शिफारस आहे. न्यूझीलंडने १९९८ मध्ये देशातल्या रग्बीत तो सक्तीचा केला आणि पुढच्या काही वर्षांत तिथे दातांच्या दुखापतीच्या भरपाईचे दावे बरेच खाली आले.

आपल्याकडे विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला : ‘तोंडात ते घालून कबड्डी-कबड्डी कसं म्हणायचं? दम तुटला तर?’ प्रश्न रास्त आहे. दुकानात मिळणारा तयार, एकाच मापाचा माऊथगार्ड दातांनी दाबून धरावा लागतो, त्यात बोलता येत नाही. तो घेऊच नका. दुसरा प्रकार गरम पाण्यात मऊ करून चावून आपल्या दातांवर बसवायचा. तो काही शे रुपयांत मिळतो. तिसरा दंतवैद्य तुमच्या दातांचं माप घेऊन बनवतात. तो इतका घट्ट बसतो की बोलता येतं, श्वास घेता येतो. महाग पडतो, पण चढाईपटूसाठी तोच खरा. सरावापासून घातला की आठवड्या-दोन आठवड्यांत जीभ सरावते. सुरुवात पकड करणाऱ्यांपासून करा. त्यांना कुठे दम धरायचा असतो?

खो-खोच्या मुलींनाही हेच लागू. खांबावर सूर मारताना हनुवटी कुठे आपटेल सांगता येत नाही.

२०१४ ला प्रो कबड्डी आली आणि गावोगाव बूट आले, गुडघ्याचे पॅड आले, नाव छापलेल्या जर्सी आल्या. एका बक्षिसाच्या रकमेतून संघातल्या सात जणांचे माऊथगार्ड येतात. वाढत्या वयाच्या मुलांचा वर्षाला बदलावा लागतो, थंड पाण्याने धुऊन भोकं असलेल्या डबीत ठेवायचा. एवढंच.

आणि एवढं करूनही दात निघालाच, तर हे पाठ करून ठेवा. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरा, मुळाला हात लावू नका. घासू नका, पुसू नका. माती असेल तर दुधात किंवा स्वच्छ पाण्यात क्षणभर विसळा. खेळाडू शुद्धीवर असेल आणि दात कायमचा असेल, तर लगेच जागेवर बसवून रुमाल चावायला द्या. ते जमलं नाही तर दात दुधात ठेवा आणि दंतवैद्याकडे पळा. अर्ध्या तासात पोचलात तर आशा चांगली, तासानंतर कमी कमी होत जाते. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही. सामन्याच्या टेबलावर पाण्याच्या बाटल्या असतात, तिथे दुधाची एक पिशवी ठेवायला काय लागतं? सामना सुटल्यावर चहा करा तिचा.

मंडळांना, क्रीडाशिक्षकांना आणि शहरातल्या दंतवैद्यांना एक विनंती. १५ जुलैला, बुवा साळवींच्या जयंतीला, आपण कबड्डी दिन साजरा करतो. हार घालतो, भाषणं करतो. यंदा त्या दिवशी एका शाळेच्या संघाच्या दातांची मापं घेऊया. खेडला दंत महाविद्यालय आहे, जिल्ह्यात दवाखाने भरपूर आहेत, आणि पावसात मैदानं बंद असतात तेव्हा वेळही असतो. भातकापणी होईपर्यंत माऊथगार्ड तयार असतील.

ज्यांना यात हात लावायचा आहे त्यांनी कमेंटमध्ये गाव आणि मंडळ लिहा. यादी मी करतो.