कॅसोवरीच्या मुलखात

ऑस्ट्रेलिया म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कांगारू आणि रखरखीत लाल माती येते. पण क्वीन्सलंड राज्याच्या ईशान्य किनाऱ्यावर, केर्न्स शहरातून दक्षिणेकडे निघालं की थेट कोकणात आल्यासारखं वाटतं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला ढगांत बुडालेले डोंगर, मध्ये ऊस आणि केळीच्या बागा. टली नावाच्या गावात ७.९ मीटर उंचीचा एक गमबूट उभा केला आहे. १९५० साली तिथे तेवढा पाऊस पडला होता, त्याची ही खूण! या पावसावर पोसलेलं जंगल जगातल्या अतिप्राचीन वर्षावनांपैकी एक आहे. १९८८ साली ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं. कॅसोवरी राहतो तो या जंगलात. न्यू गिनी बेटावरही त्याचं घर आहे.

इनिसफेल गावाजवळ एटी बे म्हणून छोटीशी चौपाटी आहे. जंगल अगदी वाळूपर्यंत उतरलेलं. तिथेच आम्हाला तो दिसला. झाडीतून बाहेर आला आणि किनाऱ्यावरून असा चालू लागला, जणू सगळी चौपाटी त्याच्या वडिलोपार्जित मालकीची.

उंची जवळजवळ माणसाएवढी. अंगावर काळी पिसं, पण ती पिसं वाटतच नाहीत. अस्वलाच्या केसांसारखी लोंबतात. मान झगझगीत निळी, मागे केशरी-लाल छटा, आणि गळ्याशी कोंबड्यासारखी तांबडी कातडी, फक्त दोन लांब पदरांची. डोक्यावर तपकिरी टोप. वरून नखासारखं कठीण कवच आणि आत स्पंजासारखं पोकळ हाड. हा टोप कशासाठी, यावर शास्त्रज्ञांचा बराच खल झाला. उन्हाळ्यात त्यातून अंगातली उष्णता बाहेर टाकली जाते, असं अलीकडच्या अभ्यासात दिसलं आहे. पंख म्हणाल तर नावापुरते. पिसांऐवजी विणायच्या सुयांसारख्या काही काळ्या काड्या बाजूला लोंबत असतात. पायाला तीन बोटं, आणि आतल्या बोटाची नखी १२ सेंटीमीटरपर्यंत, सरळ, सुरीसारखी. आपल्याकडे मध्यंतरी ईमूपालनाचं खूळ आलं होतं, ते अनेकांना आठवत असेल. कॅसोवरी त्या ईमूचाच भाऊबंद. पण ईमू याच्यासमोर अगदीच गरीब दिसतो. सुबहानल्लाह, एवढे रंग एकाच जिवावर!

त्याच्या मागे दोन पिल्लं होती, खारीच्या पाठीसारखे पट्टे असलेली. धाकटीने विचारलं, “अब्बा, यांची अम्मी कुठे आहे?” अम्मी नसतेच. मादी आकाराने मोठी, तिचं वजन ६० किलोच्या वर जातं. हिरवीगार तीन-चार अंडी घालून ती निघून जाते. नर सुमारे ५० दिवस ती उबवतो आणि पुढे नऊ-दहा महिने पिल्लांना सांभाळतो, कुठलं फळ खायचं ते दाखवतो. हे ऐकल्यावर घरच्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ते इथे लिहीत नाही.

एवढ्यात एका पर्यटकाने पिशवीतून केळ काढून पुढे केलं. शेजारच्या बाई त्याच्यावर ओरडल्याच. प्रथम मला त्यांचा राग आला. आपल्या घरांत पाखरांना दाणे टाकणं सवाबाचं काम. पहाटेच्या नमाजनंतर अम्मी गच्चीवर ज्वारी टाकायची, ती सवय आम्हालाही आहे. पण कॅसोवरीला खाऊ घालणं क्वीन्सलंडमध्ये कायद्याने गुन्हा आहे, आणि त्याचं कारण कळल्यावर राग उतरला. माणसाच्या हातून खाण्याची चटक लागली की तो वस्तीत येतो, रस्त्याकडेला गाड्यांची वाट पाहत उभा राहतो आणि गाडीखालीच सापडतो, नाहीतर कुत्र्यांच्या तोंडी जातो. खायला मिळालं नाही तर लाथही मारतो. माणसांवर झालेल्या १५० हल्ल्यांचा एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यांतले ७५ टक्के हल्ले असे होते की आधी कोणीतरी त्या पक्ष्याला खाऊ घातलेलं होतं. ऑस्ट्रेलियात त्याच्या हल्ल्यात माणूस मेल्याची नोंद मात्र एकच आहे, १९२६ सालची, आणि तिथेही मुलगाच दांडका घेऊन पक्ष्याला मारायला धावला होता.

ऑस्ट्रेलियात हे पक्षी आता काही हजारच उरले आहेत. मिशन बीचच्या रस्त्यावर ठिकठिकाणी त्यांच्या चित्राच्या पाट्या आहेत, तरी गाड्यांखाली पक्षी मरतातच. बाप मेला तर लहान पिल्लंही जगणं कठीण. आणि तोटा पक्ष्यापुरता राहत नाही. तो पडलेली फळं अख्खी गिळतो, मैलोन्‌मैल चालतो आणि बिया विष्ठेतून पेरत जातो. मोठ्या बियांची फळं गिळून एवढ्या दूर नेणारं त्या जंगलात दुसरं जवळपास कोणी नाही. एका दुर्मीळ झाडाच्या बिया नुसत्या पेरल्या तर शंभरात चार उगवल्या. त्याच्या पोटातून आलेल्या ९२ उगवल्या.

माणसाने लावलेल्या झाडाचं फळ पाखराने खाल्लं तर तोही सदका, हे आपण लहानपणी मकतबमध्ये ऐकलेलं. मिशन बीचच्या लोकांनी नेमकी तीच वाट धरली आहे. हातातून केळ द्यायचं नाही. जंगलाचे तुटलेले तुकडे जोडायला त्याच्या आवडीची झाडं लावायची. त्यासाठी स्वयंसेवकांनी रोपवाटिका काढली आहे. तिथल्या बऱ्याच बिया कॅसोवरीच्या विष्ठेतूनच वेचून, धुऊन घेतलेल्या. आम्ही गेलो तेव्हा निळ्या क्वांडाँगची रोपं वीतभर झाली होती. आपल्या रुद्राक्षाच्या कुळातलंच झाड ते, आणि कॅसोवरीचं लाडकं. धाकटीने परवानगी घेऊन दोन रोपांना पाणी घातलं.