एका वेळी एकच चाक

काशीच्या बालाजी घाटावर उतरणाऱ्या गल्लीत एका मराठी कुटुंबाचं जुनं घर आहे. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की बनारसी बोली, असा रिवाज तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागात अशी घरं आजही भेटतात. या घरात आईवडील, नववीतला मुलगा आणि आजोबा अशी चारच माणसं. आजोबांना सगळे अण्णा म्हणतात.

अण्णांनी उभा जन्म बनारसच्या डिझेल रेल्वे इंजिन कारखान्यात फिटर म्हणून काढला. त्या कारखान्याचं नाव 2020 मध्ये बदलून बनारस रेल्वे इंजिन कारखाना झालं, तरी अण्णांच्या तोंडी अजून ‘डीएलडब्ल्यू’च आहे. निवृत्तीनंतर रोज पहाटे बालाजी घाटावर जाऊन येणं हा त्यांचा नेम. पण गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि नेम मोडला. 2023 च्या पावसाळ्यापर्यंत दीड वर्ष झालं, अण्णा घाट उतरले नव्हते. खिडकीशी खुर्ची टाकून बसायचे. बोलणंही हळूहळू कमी झालं. विचारलं तर म्हणायचे, “निकामी माणसानं काय बोलायचं?”

त्याच वर्षी 23 ऑगस्टला चांद्रयान-3 चंद्रावर उतरलं. शाळेत सगळ्यांनी ते पाहिलं. सव्वीस किलोचं, सहा चाकांचं ‘प्रज्ञान’ खाली उतरून चालू लागलं आणि मुलाच्या डोक्यात किडा वळवळला. त्याला खडकांवर चढणारी रिमोटची गाडी हवी होती. रॉक क्रॉलर म्हणतात तिला. वेगात पळणारी नव्हे, तर दगडधोंड्यांवरून मुंगीसारखी चढत जाणारी. घाटाच्या पायऱ्या तिनं चढायच्या, हे त्याचं स्वप्न.

छंदिष्टांच्या चांगल्या गाड्यांची किंमत तीस-चाळीस हजारांच्या घरात. वडिलांनी आकडा ऐकला आणि वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरलं. “पुढच्या वर्षी दहावी आहे,” एवढंच म्हणाले. वाद तिथेच संपला.

आईचं माहेर पुण्याचं. आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, रिकाम्या बाटल्या यांतून घडवलेली खेळणी तिनं पाहिली होती. टाकाऊतून विज्ञान शिकवणाऱ्या या माणसाला 2018 मध्ये पद्मश्री मिळाली. ती मुलाला म्हणाली, “विकत नको, बनव. पण पै-पैचा हिशेब वहीत लिहायचा.”

मग शोधाशोध सुरू झाली. दालमंडीतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात शंभर रुपयांत मोडका खेळण्यातला रणगाडा मिळाला. त्याच्या रिमोटला दोन दांडे होते, एक डाव्या बाजूचा, एक उजव्या. म्हणजे गाडी वळवायला वेगळी यंत्रणा नको. डावी चाकं थांबवून उजवी फिरवली की झालं! पिवळ्या खोक्यातल्या गिअरच्या छोट्या मोटारी, साठ रुपयांना एक, अशा चार आल्या. बरण्यांची आठ सेंटिमीटरची झाकणं चाकं बनली. त्यांवर स्पंजचा थर आणि वरून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी. ट्यूब पंक्चरवाल्यानं फुकट दिली. स्पंजमुळे चाक दगडावर दबतं आणि रबराची पकड वाढते, हा त्यामागचा विचार.

पहिली फेरी अंगणातल्या विटांवर झाली. गाडी सुसाट सुटली, विटेवर आदळली आणि उताणी पडली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा रणगाड्याच्या सर्किटमधून धूर निघाला. चार मोटारींचा प्रवाह त्या इवल्या ट्रान्झिस्टरांना झेपला नव्हता. मुलानं सगळं खोक्यात कोंबलं आणि खोकं माळ्यावर टाकायला निघाला.

“आण इकडे,” खिडकीतून आवाज आला.

अण्णांनी गाडी हातात घेतली, उलटी केली, चाक बोटानं फिरवून पाहिलं. कित्येक महिन्यांनी त्यांनी चष्मा पुसला.

“गिअर किती आहे?”

“एकास अठ्ठेचाळीस.”

“म्हणून धावतेय. चढायचं असेल तर धावायचं नसतं, बाळ. मोटार जास्त वेळा फिरू दे, चाक कमी वेळा. वेग जातो, पण जोर येतो. इंजिन घाट चढतं ते असंच.”

मग कागद आला, पेन्सिल आली. गाडी एक किलोची, चाकाची त्रिज्या चार सेंटिमीटर. सगळं वजन सरळ वर खेचायचं तर चार किलो-सेंटिमीटरचा पीळ लागणार, म्हणजे प्रत्येक मोटारीच्या वाट्याला एक. चाक मोठं केलं तर अडथळा सोपा होतो, पण मोटारीवर ताण वाढतो. म्हणून वजन कमी ठेवायचं आणि बॅटरी वर नव्हे, खाली आणि पुढे बसवायची. मग गाडी उलटत नाही.

एकास एकशेवीसच्या चार नव्या मोटारी आल्या, सत्तर रुपयांना एक. मोटारींचा प्रवाह आता वेगळ्या ड्रायव्हर सर्किटमधून जाऊ लागला. दुसऱ्या मोडक्या खेळण्याचं सर्किट दुकानदारानं तसंच दिलं. ते फक्त इशारा द्यायचं काम करी. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले सेल वापरायचा मुलाचा बेत होता. दुकानदारानंच त्याला अडवलं. असे लिथियमचे सेल चुकीचे जोडले गेले तर पेट घेतात. त्याऐवजी साधे, पुन्हा चार्ज होणारे सहा पेन्सिल सेल घेतले. वहीतली सर्वांत मोठी रक्कम त्यांचीच, पाचशे चाळीस.

आता गाडी उलटत नव्हती, पण विटेवर एक चाक चढलं की दुसरं हवेत लटकायचं आणि नुसतंच गरगरायचं. मुलानं बॉलपेनच्या स्प्रिंगा लावून पाहिल्या. उपयोग शून्य.

“शेतातला ट्रॅक्टर पाहिलास ना?” अण्णा म्हणाले. “त्याच्या पुढच्या अ‍ॅक्सलला मधोमध एकच खीळ असते. अ‍ॅक्सल तिच्यावर झुलतो. एक चाक बांधावर, एक खड्ड्यात, तरी चारही जमिनीला टेकलेली. स्प्रिंग कशाला हवी?”

मुलानं रात्री वाचून काढलं तेव्हा चकितच झाला. मंगळावर 1997 मध्ये उतरलेल्या सोजर्नरपासून आपल्या प्रज्ञानपर्यंतच्या गाड्यांची चाकं ज्या रचनेवर बसवलेली आहेत, तिचं नाव रॉकर-बोगी. अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या डॉन बिकलर यांनी ती तयार केली. तिच्यातही स्प्रिंग नाही, फक्त सांध्यांवर झुलणारे दांडे! सकाळी त्यानं हे सांगितलं तेव्हा अण्णा नुसते हसले. “बोगी म्हणजे आमचंच खातं की!” त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले, हे सुनेच्या नजरेतून सुटलं नाही.

एक बोल्ट मधोमध बसला आणि गाडीचा मागचा भाग झुलू लागला. विटा सर झाल्या. कार्तिक लागला तेव्हा मुलगा गाडी घेऊन घाटावर गेला आणि तोंड पाडून परत आला. पायरी वीतभर उंच, चाकाची त्रिज्या चार सेंटिमीटर. गाडी पायरीला नाक लावून उभी राहिली.

“ती चढणारच नाही,” अण्णांनी शांतपणे सांगितलं. “तुझा तो प्रज्ञान काय करतो?”

मुलाला आठवलं. 27 ऑगस्टला चार मीटर व्यासाचा खड्डा समोर आला, तेव्हा प्रज्ञान मागे फिरून दुसऱ्या वाटेनं गेला होता. आणि त्याची चाल किती? सेकंदाला एक सेंटिमीटर.

दुसऱ्या दिवशी त्यानं घाटाच्या कडेचा एक कोपरा हेरला. पुराच्या गाळात तुटके दगड रुतून तिथे ओबडधोबड चढण तयार झाली होती. सरळ नेली की गाडी तिथेही अडकायची. दमून बसला असताना त्याचं लक्ष स्नान करून परतणाऱ्या एका म्हातारीकडे गेलं. ती पायऱ्या सरळ चढत नव्हती. तिरकी चढत होती, एक पाऊल टेकून झालं की मगच दुसरं. त्यानं गाडी तिरकी लावली. आधी एक चाक चढलं, दगडाला बिलगलं. मग दुसरं, मग मागचं. गाडी वर होती!

तो धावतच घरी आला. “आजोबा, एका वेळी एकच चाक! तुम्ही बघायलाच हवं.”

अण्णांनी गुडघ्यावर हात ठेवला. “मला कुठे जमतंय आता?”

“सरळ नाही जमणार. तिरकं जमेल.”

घरात क्षणभर कुणीच बोललं नाही. मग वडील उठले, कोपऱ्यातली काठी आणली आणि बसायला एक स्टूल काखेत मारलं.

बालाजी घाटावरच्या मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी बालपणापासून वर्षानुवर्षं सनईचा रियाज केला. 2001 मध्ये भारतरत्न झालेल्या त्या सुरांमागे या घाटावरची ती संथ, रोजची मेहनत होती. त्या मंदिराजवळून अण्णा उतरत होते. एक पाऊल, थांबा, दुसरं पाऊल. मुलगा हात धरून मोजत होता, वडील स्टूल घेऊन एक पायरी पुढे. नेहमीचा पाच मिनिटांचा रस्ता, त्या दिवशी अर्धा तास लागला. शेवटच्या काही पायऱ्या राहिल्याच. वडिलांनी तिथेच स्टूल मांडलं.

पंचगंगा घाटावर उंच बांबूंना आकाशदिवे चढत होते. खाली चारचौघं नावाडी जमले होते. झाकणांची चाकं आणि ट्यूबचे टायर लावलेली ती गाडी दगडांवरून चढत वर आली आणि अण्णांच्या पायाशी थांबली. अण्णांनी ती उचलली, मधला बोल्ट चाचपून पाहिला.

“नट ढिला झालाय,” ते म्हणाले. “उद्या येताना पाना घेऊन येतो.”

“उद्या?” वडिलांनी विचारलं.

“मग? नट घट्ट नको करायला?”

रात्री मुलानं वहीत बेरीज मांडली. वाया गेलेल्या मोटारींसकट सगळे मिळून चौदाशे रुपये. वडिलांनी वही मागून घेतली, एकेक रक्कम तपासली आणि खाली स्वतःच्या हातानं आणखी एक ओळ लिहिली: ‘अण्णांसाठी काठीचं नवं रबर, तीस रुपये.’