आठ वार लोकर आणि अडगावची लढाई

आजचा धागा नेहमीपेक्षा निराळा आहे. त्यात लढाई आहे, तह आहे, सनावळ्याही आहेत. पण सुरुवात एका शिवणकाम करणाऱ्या कुटुंबाच्या दुकानात होते आणि तिथला गिऱ्हाईक मी स्वतः आहे.

मी रिसोड तालुक्यातील रिठदचा. नोकरीनिमित्त काही वर्षे स्कॉटलंडमध्ये होतो. एका सहकाऱ्याच्या लग्नाचे निमंत्रण आले, आणि वऱ्हाडी मंडळींनी शक्यतो किल्ट नेसावा असा प्रेमळ आग्रहही त्यासोबत आला. (मी तर दोन्ही अर्थांनी वऱ्हाडी.) किल्ट भाड्याने मिळतो आणि बहुतेक पाहुणे तसाच आणतात. मला मात्र भाड्याचे वस्त्र लेवून मित्राच्या लग्नात उभे राहणे पटेना. म्हणून आई, वडील आणि मुलगी असे तिघे मिळून चालवणारे एक छोटे दुकान गाठले.

किल्ट शिवणारे कापड विणत नाहीत. ते गिरणीतून येते: घट्ट विणीची लोकर, दुहेरी पन्ह्याची. चार वार घेऊन ती लांबीत दुभागायची आणि दोन्ही तुकडे जोडून आठ वारांची पट्टी करायची. खालच्या कडेला दुमड घालत नाहीत. कापडाची मूळ किनार तशीच राहते. पुढचे दोन पदर सपाट, एकावर एक येणारे. उरलेले सारे कापड मागच्या निऱ्यांत जाते. प्रत्येक निरी अशी घालायची की चौकड्याची रेघ निरीनिरीतून जुळत जावी आणि पाठीमागून पाहताना कापड अखंड वाटावे. हे सगळे हातशिलाईने. मुलीने एक अर्धवट झालेला किल्ट दाखवला, तेव्हा मला माझ्या आजीच्या नऊवारी लुगड्याची आठवण झाली. आजी रोज पहाटे अंधारात, आरशाविना, तेवढ्याच सारख्या निऱ्या घालीत असे. शिवून कायम करण्याची सोय तिला नव्हती.

मापे झाली आणि प्रश्न आला: टार्टन कोणते?

टार्टन म्हणजे ठरावीक रंगांचा, ठरावीक अंतराचा चौकडा. एकेका कुळाला एकेक टार्टन असते, अशी आपली समजूत असते. ही कुळवार व्यवस्था मुख्यत्वे एकोणिसाव्या शतकात पक्की झाली. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला. त्याच्या स्वागताचा थाट कादंबरीकार वॉल्टर स्कॉट याने मांडला होता, आणि राजाने स्वतः किल्ट नेसला. त्यानंतर प्रत्येक घराण्याला आपापला चौकडा हवाहवासा झाला. कोणी कोणते टार्टन नेसावे याला कायद्याचे बंधन नाही. तेव्हा निवड माझ्यावर होती.

मुलीने नमुने पसरले. निळ्या-हिरव्या चौकड्यातून पांढरी आणि तांबडी बारीक रेघ गेलेला एक तुकडा मला फार आवडला. नाव विचारले. ती म्हणाली, मॅकेन्झी.

इतिहासाचे वेड असलेल्या माणसाला अशा वेळी गप्प बसता येत नाही. फ्रान्सिस हम्बर्स्टन मॅकेन्झी याने १७९३ मध्ये ७८ वी हायलंडर पलटण उभारली, तिचे हेच टार्टन. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला आणि २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावला ही पलटण आर्थर वेलस्लीच्या सैन्यात होती. असई आज जालना जिल्ह्यात आहे, तर अडगाव अकोला जिल्ह्यात, म्हणजे आमच्या शेजारी. अडगावला नागपूरकर भोसल्यांचे पायदळ मोडले, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ तारखेला देवगावचा तह झाला. स्कॉटिश पलटणींना पुढे उत्तर हिंदुस्थानात लोकांनी ‘घागरा पलटण’ असे नाव दिले. मी ज्याच्या पोतावरून हात फिरवत होतो, तो त्या पलटणीचा चौकडा होता.

नमुना मी बाजूला सारला. पण गोष्ट इथे संपत नाही. संपली असती तर हा धागा लिहिला नसता.

एप्रिल १७४६ मध्ये कलोडनच्या माळावर उत्तरेकडच्या स्कॉट बंडखोरांचा मोड झाला. त्याच वर्षी संसदेने कायदा केला की हायलंडमधील पुरुषांनी आपला पारंपरिक पोशाख अंगावर घालू नये. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने तुरुंग, दुसऱ्याला सात वर्षे काळे पाणी. यातून सूट एकालाच होती: राजाच्या सैन्यातल्या शिपायाला. म्हणजे बापजाद्यांचे वस्त्र उघडपणे नेसायचे असेल तर ज्या सत्तेने ते हिरावले तिचीच बंदूक खांद्यावर घ्यायची. कायदा १७८२ मध्ये रद्द झाला. दहा वर्षांनी, १७९२ मध्ये, रॉस परगण्यात शेतकऱ्यांचा उठाव झाला. जमीनदार माणसांना हटवून तिथे मेंढ्या आणत होते. उठाव सैन्य आणून मोडला. त्याच मुलखात पुढच्याच वर्षी ७८ वी पलटण उभी राहिली. तिचे शिपाई दहा वर्षांनी आमच्या वऱ्हाडात येऊन लढले.

हे सारे आठवूनही तो चौकडा मला नेसवला नसता. त्या शिपायांची कणव येते, आणि अडगावला पडलेली माणसे आमची होती हेही खरे. या दोन्ही गोष्टी मला एकमेकींत मिसळायच्या नाहीत. मुलीने ‘ब्लॅक वॉच’ सुचवले, कोणीही वापरावे असे सर्वमान्य टार्टन म्हणून. मला हसू आले. ते तर सरकारी पलटणीचेच. १७९२ चा उठाव मोडायला त्याच ४२ व्या पलटणीच्या तुकड्या गेल्या होत्या. शेवटी मी बिनचौकड्याची, घोंगडीसारख्या करड्या रंगाची लोकर निवडली. तिच्या वडिलांनी कुरकुर केली. रेघ नसली की निरीला आधार राहत नाही, प्रत्येक निरी टेप लावून मोजावी लागते, असे त्यांचे म्हणणे. सात आठवड्यांनी किल्ट तयार झाला. नोंदवहीत त्यांनी माझ्या मापांपुढे गावाचे नावही लिहून घेतले. ‘ठ’ कसा उच्चारायचा हे तिघांना शिकवण्यात बराच वेळ गेला.

त्या वहीकडे पाहताना वाशीम आठवले. १७६९ साली थोरल्या माधवरावांचा जानोजी भोसल्यांशी तह झाला. त्यात एक कलम असे होते की जानोजींनी दरसाल पाच हजार रुपयांचे, वाशीम आणि बाळापूर येथे तयार झालेले कापड पेशव्यांना द्यावे. तहात नाव घालून मागावे असे कापड आमच्या जिल्ह्याच्या गावी विणले जात होते. ते विणणाऱ्यांची मापे, त्यांचे दर, त्यांच्या गिऱ्हाइकांची गावे लिहिलेली अशी एखादी वही मला वाशीमच्या कुठल्या फडताळात सापडावी, असे फार वाटते. आज वाशीमच्या बाजारात जाऊन मी ‘पेशव्यांना जात होते ते कापड दाखवा’ म्हटले, तर दुकानदार आधी माझ्याकडे आणि मग शेजारच्या दुकानदाराकडे पाहील.

दिवाळीत किल्ट घेऊन रिठदला आलो. आईने तो ओसरीवर उलगडला, आतली शिलाई नखाने तपासली आणि म्हणाली, “आठ वार कपडा अन् गुडघेही झाकत नाई?” किंमत सांगितली तेव्हा तिने मनात सोयाबीनची पोती मोजली असावीत, कारण पुष्कळ वेळ ती बोलली नाही. मग पुन्हा पहिल्या टोकापासून निऱ्या मोजू लागली. सत्तावीस भरल्या.

“तुह्या आजीनं पाह्यला पाहिजे होता,” ती म्हणाली, आणि आजीची लुगडी ठेवलेल्या पेटीत जागा करू लागली.